रक्तविरलन आणि हृदय

रक्तविरलन : रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण घटून त्यांच्या जागी द्रव भाग वाढणे, याला रक्तविरलन म्हणतात. गरोदरपणात ते आपोआप होते. मोठ्या रक्तस्रावानंतर नुसते सलाइन चढवले तरी होते. आणि काही शस्त्रक्रियांच्या आधी भूलतज्ज्ञ ते मुद्दाम घडवून आणतात. पातळ रक्त ऑक्सिजन कमी वाहते, हे सगळ्यांना कळते. तेच रक्त पुढे सरकायला कमी जोर लागतो आणि हृदयाला दर मिनिटाला जास्त रक्त फेकता येते, ही बाजू मात्र सहसा ध्यानात येत नाही. विरलन सोसेल की नाही हे या दोहोंच्या हिशेबावर ठरते आणि हा हिशेब दर हृदयाचा वेगळा असतो.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांना घरोघरी ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या’ म्हणतात. त्यांचा इथे संबंध नाही. त्या गुठळी होण्याला अडथळा आणतात. रक्ताचा दाटपणा होता तेवढाच राहतो.

दाटपणा, म्हणजे श्यानता, मुख्यतः हिमॅटोक्रिटवर ठरतो. रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते हिमॅटोक्रिट सांगते. पुरुषांत ते साधारण 40 ते 50, स्त्रियांत थोडे कमी असते. 45 च्या आसपास रक्त पाण्याच्या तीन-चार पट दाट असते. हिमॅटोक्रिट 60 वर गेले की दाटपणा जवळजवळ दुप्पट होतो. 45 वरून 30 वर आणले तर तो सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. त्यातही रक्ताचा दाटपणा त्याच्या वेगाप्रमाणे बदलतो. महाधमनीतून धावणाऱ्या रक्तात पेशी सुट्या राहतात. केशवाहिन्यांच्या पुढच्या सूक्ष्म शिरांत वेग मंदावला की फायब्रिनोजेन या रक्तद्रवातल्या प्रथिनामुळे पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि दाटपणा कितीतरी पटींनी वाढतो. अगदी बारीक वाहिन्यांत उलटे घडते : पेशी मधोमध गोळा होतात, कडेने रक्तद्रवाचा थर वाहतो आणि रक्त असते त्याहून पातळ असल्यासारखे वागते. हे फॉरेउस व लिंडक्विस्ट यांनी 1931 मध्ये दाखवले. विरलनाचा मोठा फायदा मिळतो तो मंद वाहणाऱ्या सूक्ष्म शिरांत.

प्वाझयच्या नियमानुसार नळीतला रोध द्रवाच्या दाटपणाच्या समप्रमाणात असतो. रक्त पातळ झाले की धमन्यांकडचा रोध घटतो आणि डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीराला रक्त फेकणाऱ्या हृदयाच्या कप्प्याला, रक्त बाहेर ढकलायला कमी ताकद लागते. शिरांकडचा रोधही घटतो, त्यामुळे हृदयाकडे परत येणारे रक्त वाढते. गायटन आणि रिचर्डसन यांनी 1961 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून हा दुसरा मुद्दा मांडला. माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे, कारण हृदयात जेवढे येते तेवढेच ते बाहेर टाकू शकते. जाग्या माणसात नाडीही वाढते. भुलीखाली ती फारशी वाढत नाही आणि दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त वाढून काम भागते.

आकड्यांत पाहू. हिमोग्लोबिन 15 ग्रॅम असताना 100 मिलि. रक्तात सुमारे 20 मिलि. ऑक्सिजन असतो. हृदय मिनिटाला 5 लिटर रक्त फेकत असेल, तर शरीराला 1,000 मिलि. ऑक्सिजन पोचतो आणि त्यातला 250 मिलि.च्या आसपास वापरला जातो. हिमोग्लोबिन 10 वर आले तर तोच पुरवठा राखायला साडेसात लिटर फेकावे लागतील. तेवढे झाले नाही तरी ऊती रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. निरोगी माणसात ही सवलत बरीच खोल जाते : वाइस्कॉफ व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये, रक्ताचे एकूण आकारमान कायम ठेवून, हिमोग्लोबिन 5 पर्यंत उतरवले, तरी शरीराला ऑक्सिजन अपुरा पडल्याची खूण दिसली नाही.

हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला मात्र ही सवलत नाही. तो विश्रांतीतही आपल्या रक्तातला दोन तृतीयांशाहून अधिक ऑक्सिजन काढून घेतो. आणखी ओढण्यासारखे फार उरत नाही. त्याला एकच वाट : हृदयधमन्या रुंदावून जास्त रक्त घेणे. धमनी ब्लॉकने अरुंद झालेली असेल, तर पुढच्या वाहिन्या आधीच पूर्ण रुंदावलेल्या असतात. अशात रक्त पातळ झाले आणि नाडी वाढली की डाव्या जवनिकेच्या आतल्या थराची पहिली उपासमार होते, कारण त्या थराला रक्त मिळते ते ठोक्यांमधल्या विसाव्यात आणि नाडी वाढली की तोच विसावा आखडतो. महाधमनीची झडप अरुंद असेल तर बाहेर पडणारे रक्त वाढवायला जागाच नसते. म्हणून ‘30 हे आदर्श हिमॅटोक्रिट’ असे जे सांगितले जाते, तो आकडा सरसकट लावणे चुकीचे आहे.

पातळ रक्ताचा परिणाम कानाने ऐकूही येतो. दाटपणा घटला आणि वेग वाढला की प्रवाहात भोवरे उठतात. पंडुरोगी माणसाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की झडपा ठणठणीत असूनही पुष्कळदा मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा फुसफुसता आवाज, ऐकू येते. गरोदरपणात रक्तद्रव 40 ते 50 टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी तितक्या वाढत नाहीत. त्यामुळे कित्येक गरोदर बायकांत अशीच मऊ मर्मर सापडते आणि बाळंतपणानंतर जाते.

शस्त्रक्रियेतले विरलन म्युनिकचे कॉनराड मेसमर यांनी 1970 च्या दशकात शास्त्रीय पायावर आणले. भूल दिल्यावर रुग्णाचे रक्त पिशव्यांत काढतात आणि त्याच वेळी दुसऱ्या शिरेतून द्रव भरतात : सलाइनसारखा असेल तर काढलेल्या रक्ताच्या सुमारे तिप्पट, कोलॉइड (मोठ्या रेणूंमुळे वाहिन्यांत टिकून राहणारा द्रव) असेल तर तितकाच. 70 किलोच्या माणसाचे हिमॅटोक्रिट 45 वरून 30 वर आणायचे, तर जवळजवळ 2 लिटर रक्त काढावे लागते. पुढे शस्त्रक्रियेत 1 लिटर रक्त गेले, तर 450 मिलि.ऐवजी साधारण 300 मिलि. पेशीच वाया जातात. पिशव्या त्याच खोलीत, रुग्णाच्या नजीकच राहतात आणि उलट्या क्रमाने परत चढवतात. पहिली पिशवी सर्वांत दाट, म्हणून ती शेवटी. सगळ्या तंत्राचा हिशेब द्रव कमी पडू न देण्यावर आहे. आकारमान घटले तर हृदयाकडे रक्तच परतत नाही आणि पातळपणाचा फायदा बुडतो. एवढे करूनही बाहेरचे रक्त चढवणे टळते का? हृदयशस्त्रक्रियेच्या 2,000 वर रुग्णांवरील, 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही.

शस्त्रक्रियेत हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या हृदय-फुप्फुस यंत्रावर विरलन टळतच नाही, कारण यंत्राच्या नळ्या आधी द्रवाने भरून ठेवाव्या लागतात. ओक्लाहोमा सिटीतले नाझिह झुहदी यांनी 1960 च्या सुमारास नळ्या रक्ताऐवजी डेक्स्ट्रोजच्या द्रावणाने भरायला सुरुवात केली. अशा शस्त्रक्रियेत शरीर थंड केले की रक्त दाट होते. विरलन त्याची भरपाई करते.

फार पातळ केले तर काय, याचे उत्तर सॅन दिएगोतील मार्कोस इंतालियेत्ता आणि एमी त्साई यांच्या प्रयोगांत मिळते. रक्त वाहिनीच्या आतल्या अस्तराला घासत जाते, त्या घर्षणाने अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि वाहिनी रुंद राहते. दाटपणा अति घटला की हे घर्षण कमी होते आणि केशवाहिन्या बंद पडू लागतात. अशा टोकाच्या विरलनात रक्तद्रव मुद्दाम दाट ठेवल्यास त्या उघड्या राहतात, असे त्यांना हॅम्स्टरमध्ये दिसले. थोडा दाटपणा उपयोगाचा असतो तो असा.

उलट टोकाला पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे तांबड्या पेशी अतोनात वाढण्याचा विकार. यात हिमॅटोक्रिट 45 च्या खाली ठेवलेल्या रुग्णांपेक्षा 45 ते 50 वर ठेवलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या मिळून सुमारे चौपट दिसल्या, असे 2013 च्या इटालियन चाचणीने दाखवले. त्यासाठी वेळोवेळी रक्त काढतात. जन्मजात हृदयविकाराने निळ्या पडलेल्या रुग्णाचे रक्तही दाट असते, पण ते ऑक्सिजनच्या कमतरतेवर शरीराने काढलेली वाट असते. तिथे नियमित रक्त काढल्याने लोह घटते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून डोकेदुखी, अंधारी, थकवा अशी दाटपणाची लक्षणे असतील आणि शरीरातले पाणी कमी झालेले नसेल तरच, काढले तितकेच सलाइन भरून, रक्त काढतात.