युद्धग्रस्त देशांतील स्थानिक पत्रकारांचे माहितीपट

युद्ध पेटलेल्या मुलखातल्याच पत्रकारांनी, बहुधा बातमीसाठी केलेल्या चित्रणातून, उभे केलेले माहितीपट. एरवी हा स्थानिक माणूस परदेशी वार्ताहराचा दुभाष्या, वाटाड्या आणि ‘फिक्सर’, म्हणजे भेटीगाठी व सोयी जुळवून देणारा, असतो. श्रेयनामावलीत त्याचे नाव आले तर आले. वेढा आवळला की पाहुणा निघून जातो आणि कॅमेरा याच्या हाती उरतो. वाहिनीला दीड-दोन मिनिटे पुरतात. बाकीचे फुटेज हेच या माहितीपटांचे भांडवल.

मुंबईकरांना जवळचे उदाहरण १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाचे. पत्रकारितेतून चित्रपटाकडे वळलेले जहीर रायहान यांनी ढाक्याहून भारतात येऊन ‘स्टॉप जेनोसाइड’ हा सुमारे २० मिनिटांचा माहितीपट केला. त्याच युद्धावर पेडर रोडवरच्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनसाठी एस. सुखदेव यांनी ‘नाइन मंथ्स टु फ्रीडम’ केला. सुखदेव यांचा चित्रपट कसबी खराच, पण रायहान यांचा संताप पाहुण्याला उसना आणता येत नाही. युद्ध संपल्यावर, ३० जानेवारी १९७२ रोजी, बेपत्ता भावाच्या शोधात रायहान ढाक्यातल्या मीरपूरला गेले, ते परतलेच नाहीत.

सीरियातल्या अलेप्पोच्या वेढ्यात वआद अल-कतेब ब्रिटिश वाहिनीला बातम्या पाठवत होत्या. नवरा डॉक्टर, त्यामुळे घरही रुग्णालयातच. त्यांच्याकडच्या ५०० हून अधिक तासांच्या फुटेजमधून, एडवर्ड वॉट्स यांच्या साथीने, ‘फॉर समा’ (२०१९) झाला. निवेदन तान्ह्या लेकीला उद्देशून आहे.

फुटेज बाहेर काढणे हे चित्रणाइतकेच जिकिरीचे. ९ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधल्या मारिउपोलच्या प्रसूतिगृहावर बाँब पडला, तेव्हा असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे युक्रेनी पत्रकार मस्तिस्लाव चेर्नोव्ह आणि येव्हहेन मालोलेत्का शहरातच होते. वीज नाही, नेटवर्क नाही. एका पोलीस अधिकाऱ्याने जोडणी मिळेल अशा जागी नेले. तिथे अंधारात तीन मोबाइल ओळीने मांडून, फाइलचे तीन तुकडे करून ते पाठवले. त्याला कित्येक तास लागले, संचारबंदी सुरू होऊनही बराच वेळ गेला. पुढे १५ रशियन तपासणी नाकी ओलांडून ते बाहेर पडले. ‘२० डेज इन मारिउपोल’ला २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले.

मुंबईत अशा चित्रपटांचे हक्काचे व्यासपीठ म्हणजे १९९० पासून भरणारा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. म्हणजे दूरच्या देशातले युद्ध बिनदिक्कत दाखवावे, घरच्या दंगलीला मात्र दाखला हवा! दिग्दर्शकांनी विरोध केल्यावर अट मागे घेतली गेली, पण अनेक चित्रपट निवडीत गळले. ते दाखवण्यासाठी ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरला आणि पुढे त्याच नावाने पृथ्वी थिएटरमध्ये माहितीपटांचे खेळ होऊ लागले.