रानभूछत्रांची ओळख

रानात आपसूक उगवणाऱ्या भूछत्राची (अळंबीची) जात ठरवणे. भूछत्र हे कवकाचे फळ. कवकाचा मुख्य देह तंतूंच्या जाळ्याच्या रूपात मातीत किंवा लाकडात पसरलेला असतो. छत्रीचा रंग पावसाने धुपतो, वयाप्रमाणे बदलतो, म्हणून नुसत्या रंगावर किंवा एखाद्या छायाचित्रावर विसंबणे धोक्याचे.

ओळख बुडापासून सुरू करावी. बहुतेक जण भूछत्र वरच्यावर मोडून आणतात आणि सर्वांत मोलाची खूण मातीतच राहते. अ‍ॅमानिटा फॅलॉइड्स (डेथ कॅप) या प्राणघातक जातीच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखी पांढरी खोळ असते. पेंढ्यावर वाढणाऱ्या, आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या व्होल्व्हॅरिएला व्होल्व्हेसियालाही खोळ असते, आणि कोवळेपणी दोघांचे कल्ले, म्हणजे छत्रीखालचे पातळ पडदे, पांढरेच दिसतात. डेथ कॅपच्या देठावर कडे असते, व्होल्व्हॅरिएलाला नसते. पण कडे गळूनही पडते. अशा वेळी बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून गळणाऱ्या बीजासारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा घ्यावाच.

त्यासाठी देठ कापून छत्री कल्ले खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवतात आणि वर रात्रभर वाटी पालथी घालतात. सकाळी छत्री अलगद उचलली की कल्ल्यांची रेघ न् रेघ बारीक भुकटीत उमटलेली दिसते. डेथ कॅपचा ठसा पांढरा, व्होल्व्हॅरिएलाचा गुलाबी. क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स या विषारी जातीचा हिरवट ठसा तिला खाद्य मॅक्रोलेपिओटा प्रोसेरापासून वेगळे काढतो.

चेंडूसारखे कोवळे भूछत्र उभे चिरून पाहावे. खाद्य पफबॉल आतून एकसंध पांढरा असतो. डेथ कॅपच्या कळीत मात्र छत्री आणि देठाची आकृती दिसते. खाद्य मोरेल (गुच्छी) टोकापासून बुडापर्यंत पोकळ, तर मेंदूसारख्या वळ्यांची विषारी गायरोमिट्रा आतून कप्प्याकप्प्यांची असते.

चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेले निर्धोक असते, या समजुतींना काडीचाही आधार नाही. गोगलगायी डेथ कॅप खुशाल खातात. तिच्यातले अ‍ॅमाटॉक्सिन हे विष शिजवून किंवा वाळवूनही नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब साधारण 6 ते 24 तासांनी सुरू होतात, मग काही काळ बरे वाटते. त्याच काळात यकृत निकामी होत असते. म्हणून शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता, उरलेले भूछत्र आणि चिरताना टाकलेले तुकडेही घेऊन रुग्णालय गाठावे.