घरगुती डार्करूम

कृष्णधवल निगेटिव्हवरून (उजळ-गडद उलटे आलेल्या फिल्मवरून) घरच्या घरी कागदावर फोटो छापण्यासाठी अंधारी केलेली खोली. मराठीत तिला अंधारखोली असेही म्हणतात. निगेटिव्हमधून आलेला प्रकाश काही सेकंद प्रकाशसंवेदी लेपाच्या ब्रोमाइड कागदावर पाडायचा आणि मग तो कागद एकामागून एक डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सर या तीन रसायनांतून काढायचा, एवढेच या कामाचे सूत्र. नवशिक्याला धास्ती असते ती यंत्रांची आणि रसायनांची. ती दोन्ही एका संध्याकाळी हाताळता येऊ लागतात. खरे शिकायचे असते ते प्रकाश किती सेकंद द्यायचा हे ठरवणे.

कागदाच्या लेपात सिल्व्हर ब्रोमाइड, सिल्व्हर क्लोराइड यांसारख्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांत बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. हीच सुप्त प्रतिमा. डेव्हलपरमधले हायड्रोक्विनोनसारखे द्रव्य नेमक्या त्याच स्फटिकांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करते. उरलेले क्षार फिक्सर विरघळवून काढतो. फिक्सरला जुने छायाचित्रकार हायपो म्हणतात. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच पाहिले होते आणि १८३९ मध्ये छायाचित्रणात त्याचा उपयोग झाला. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची कल्पना विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांची. त्यांच्या कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट १८४१ चे आहे. हौशी माणसाच्या घरात छपाई यायला मोठा हातभार लावला तो लिओ बेकलंड यांच्या १८९३ च्या व्हेलॉक्स कागदाने. तो इतका मंद होता की गॅसच्या दिव्याच्या उजेडातही हाताळता येई. (हेच बेकलंड पुढे बॅकेलाइट या प्लास्टिकचे जनक म्हणून प्रसिद्ध झाले.)

खोली कोणतीही चालते. बहुतेकांची सुरुवात न्हाणीघरात होते. दार-खिडक्यांच्या फटी बुजवून आत पाच मिनिटे बसावे. डोळे अंधाराला सरावल्यावरही समोर धरलेला पांढरा कागद दिसला नाही, तर खोली पुरेशी अंधारी आहे. वाहते पाणी आतच हवे असे नाही. झालेले प्रिंट पाण्याच्या बादलीत ठेवून नंतर बाहेर धुता येतात. मात्र जागेचे कोरडी बाजू आणि ओली बाजू असे दोन भाग पहिल्या दिवसापासून पाडावेत. एका बाजूला एन्लार्जर (निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणारे यंत्र), कागद आणि निगेटिव्ह, दुसऱ्या बाजूला रसायनांचे ट्रे. ओल्या बोटांचा एक डाग निगेटिव्हवर पडला तर तो पुढच्या प्रत्येक प्रिंटमध्ये उतरतो.

काम चालते लाल किंवा अंबर रंगाच्या सेफलाइटमध्ये, कारण या कागदांना निळा-हिरवा प्रकाश कळतो, लाल जवळजवळ कळत नाही. हा दिवा कागदापासून चारेक फूट लांब असावा. केवळ लाल दिसतो म्हणून कोणताही बल्ब सुरक्षित समजू नये. एन्लार्जरखाली कागदाला फिकट राखाडी येईल इतपत प्रकाश द्यावा, त्यावर नाणी मांडून तो सेफलाइटखाली पाच मिनिटे ठेवावा आणि डेव्हलप करावा. नाण्यांचे गोल उमटले, तर दिवा दगा देतो आहे. मोबाइल खोलीबाहेरच ठेवावा.

एन्लार्जर म्हणजे उलटा उभा केलेला प्रोजेक्टरच. ३५ मिमी फिल्मला सहसा ५० मिमीची लेन्स लागते, ६×६ सेंमी निगेटिव्हला ७५ किंवा ८० मिमीची. निगेटिव्हची मंद, चकाकी नसलेली बाजू खाली, कागदाकडे ठेवायची. लेन्स पूर्ण उघडून फोकस करायचे आणि मग छिद्र दोन पायऱ्या लहान करायचे. एन्लार्जर नसला तरी अडत नाही. निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर ठेवून वर काच दाबली आणि क्षणभर दिवा लावला की कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे निगेटिव्हएवढ्याच छोट्या फोटोंचा कागद मिळतो. पहिल्या दिवशी तेवढेच करावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. रसायनांचा क्रम हातात बसतो आणि कोणता फोटो मोठा करण्याजोगा आहे तेही समजते.

सगळ्या कामाचा जीव टेस्ट स्ट्रिपमध्ये आहे. कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून ती चित्राच्या सर्वांत महत्त्वाच्या भागावर ठेवावी. माणसाचा फोटो असेल तर चेहऱ्यावर. कोऱ्या आकाशावर ठेवलेली पट्टी काहीच शिकवत नाही. आधी सगळी पट्टी तीन सेकंद उघडी ठेवायची, मग जाड पुठ्ठ्याने एकेक भाग झाकत दर खेपेस आणखी तीन सेकंद द्यायचे. पट्टीवर ३, ६, ९, १२, १५ सेकंदांच्या पायऱ्या तयार होतात. आता पट्टी डेव्हलपरमध्ये सरकवून ट्रे हलकेच हलवत राहावे. काही सेकंद कागद कोराच असतो. मग बुबुळे, केस, सदऱ्याच्या काठाची सावली असे सर्वांत गडद भाग आधी उगवतात आणि गालांचा राखाडी सावकाश मागून येतो. नवशिका इथेच घाबरून पट्टी बाहेर ओढतो, कारण लाल उजेडात प्रतिमा आहे त्याहून गडद भासते. अशी अर्धवट काढलेली पट्टी पांढऱ्या उजेडात फिक्की, डागाळ निघते. प्लास्टिकचा थर असलेल्या आरसी कागदाला २० अंश सेल्सिअसला साधारण एक ते दीड मिनिट लागते, ते पुरे द्यावे. त्यानंतर डेव्हलपरचे काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथमध्ये (पातळ आम्लात) दहा-पंधरा सेकंद आणि फिक्सरमध्ये बाटलीवर लिहिलेला वेळ. फिक्स झाल्यावर दिवा लावून पट्टी पाहायची.

पाहताना एक नियम पाळावा: वेळ ठरवायची ती उजळ भागांवरून. गालावर, पांढऱ्या कापडावर जेमतेम पोत दिसू लागतो ती पायरी आपली. त्या वेळेला सावल्या करड्या राहिल्या तर सेकंद न वाढवता कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतला फरक) वाढवावा. त्यासाठी मल्टिग्रेड कागद सोयीचा. इल्फर्ड कंपनीने तो १९४० मध्ये आणला, आणि पूर्वी वेगवेगळ्या ग्रेडच्या (कॉन्ट्रास्टच्या) कागदांचे खोके बाळगावे लागत ते काम रंगीत फिल्टरवर आले. फिल्टरांत ०० हा सर्वांत मऊ, म्हणजे सर्वांत कमी कॉन्ट्रास्टचा, ५ सर्वांत कडक. सुरुवात २ ने करावी. एखादाच कोपरा नडत असेल तर प्रकाश चालू असताना तिथे हाताची सावली धरून तो उजळ ठेवता येतो, किंवा भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून जादा प्रकाश देऊन गडद करता येतो. यांना अनुक्रमे डॉजिंग आणि बर्निंग म्हणतात. हात सतत हलता हवा, नाहीतर सावलीची कड उमटते.

आरसी कागद दोनेक मिनिटांत धुतला जातो. प्लास्टिकचा थर नसलेल्या फायबर कागदाचा काळा अधिक खोल वाटतो, पण त्याला दीर्घ धुलाई लागते, वाळताना तो वळतो आणि ओला असताना दिसतो त्याहून थोडा गडद होतो. पहिली काही पाकिटे आरसीचीच घ्यावीत.

रसायनांसाठी स्वयंपाकाची भांडी किंवा पाण्याच्या बाटल्या कधीही वापरू नयेत. चिमटे वापरावेत, काही डेव्हलपरमधल्या मेटॉल या द्रव्याने त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते. खोलीत हवा खेळती हवी. स्टॉप बाथसाठी तीव्र अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पातळ करताना पाण्यात अ‍ॅसिड ओतावे, अ‍ॅसिडात पाणी नव्हे. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते, म्हणून तो मोरीत न ओतता वेगळा साठवून रासायनिक कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावा.