ठाण्याच्या पोटातलं श्रीस्थानक

पाहुणे आले की आपण त्यांना तलावपाळीवर फिरवून आणतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यालाच आली, हेही हौसेने सांगतो. पण त्याच्या आठशे वर्षं आधी हे गाव उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होतं, हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. मला ते फार लागतं.

शिलाहार आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. ९७३ मध्ये राष्ट्रकूटांची सत्ता संपली आणि कोकणातल्या या घराण्याला मोकळीक मिळाली. त्यांच्या ताम्रपटांत ठाण्याचं नाव येतं ते 'श्रीस्थानक'. बाराव्या शतकातल्या अपरादित्याचा दूत तेजकंठ पार काश्मीरच्या विद्वत्सभेत जाऊन बसला होता, अशी नोंद तिथल्या मंखाच्या काव्यात आहे. याच घराण्यातल्या एका अपरादित्याने याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली. नुसत्या बंदराच्या जकातीवर जगणारं हे राज्य नव्हतं.

मग राजवाडा कुठे, तट कुठे? तेरावं शतक निम्मं सरलं तेव्हा यादव महादेवाने शेवटच्या सोमेश्वरावर स्वारी केली. सोमेश्वर जहाजांसह समुद्रात गेला आणि तिथेच बुडाला, असं हेमाद्रीच्या ग्रंथातली यादवांची प्रशस्ती सांगते. पुढे गावावर गाव चढत गेलं. पोर्तुगीजांनी खाडीकाठी किल्ल्याचं काम काढलं. ते अर्धवट असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. डिसेंबर १७७४ मध्ये तो किल्ला इंग्रजांकडे गेला. तिथूनच १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले. आजचं मध्यवर्ती कारागृह ते हेच. १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं गेलं. त्या भिंतीजवळून जाताना माझी पावलं अजून मंदावतात.

आणि याच किल्ल्यात १७८७ मध्ये पाया खणताना तांब्याचे पत्रे हाती लागले: शके ९३९ चं, म्हणजे १०१७ चं, अरिकेसरी राजाचं दानपत्र. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने त्याचा अनुवाद आपल्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात छापला. दडलेली राजधानी अशी कुदळीच्या टोकाला लागली.

बघायला निघालात तर जांभळी नाक्यावरून सुरुवात करा. भाजी आणि फुलांच्या गर्दीतून कोपिनेश्वराच्या आवारात शिरलं की गलका मागे पडतो. मूळ देऊळ शिलाहारांचं मानतात. आजचं बांधकाम १७६० च्या सुमाराचं, पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केलेलं. गाभाऱ्यातली पिंडी मात्र नेहमीच्या पिंडीसारखी वाकून बघायची नाही. कमरेच्याही वर येणारा तो काळा, घेरदार दगड समोर उभा राहतो, ओल्या बेलपानांनी झाकलेला. समोरचा मासुंदा तलावही शिलाहारांच्याच काळातला, अशी गावाची समजूत आहे.

दगडात कोरलेलं शिलाहारांचं वैभव डोळे भरून पाहायचं, तर लोकल पकडून अंबरनाथच्या शिवमंदिरात जायला हवं. उत्तरेकडच्या दारावरच्या लेखात शके ९८२, म्हणजे १०६०, आणि मुम्मुणी राजाचं नाव आहे. सकाळी लवकर जा. उन्हं तिरपी असतात तेव्हा बाहेरच्या भिंतीवरची एकेक मूर्ती सुटी दिसते.