थिऑसॉफिकल सोसायटी आणि एसोटेरिक ख्रिश्चन युनियन: गांधींच्या बाबतीत नेहमी होणारी गल्लत

गांधी लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करत असताना तिथल्या गूढवादी मंडळींच्या संपर्कात आले, असं एक मोघम वाक्य बऱ्याच लेखांत सापडतं. त्या एका वाक्यात दोन वेगळ्या संस्था कोंबलेल्या असतात. एक थिऑसॉफिकल सोसायटी, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असं मानणारी; दुसरी एसोटेरिक ख्रिश्चन युनियन, म्हणजे ख्रिस्ती धर्माचा गूढार्थ लावणारी. पहिलीशी त्यांची गाठ लंडनमध्येच पडली. दुसरी मात्र त्यांच्या विद्यार्थिदशेत अस्तित्वातच नव्हती.

तारखा लावून पाहिल्या की गुंता बराचसा सुटतो. गांधी सप्टेंबर 1888 मध्ये मुंबईहून निघाले आणि 12 जून 1891 रोजी परतीच्या बोटीत बसले. एडवर्ड मेटलंड या इंग्रज लेखकाने एसोटेरिक ख्रिश्चन युनियन काढली ती त्याच वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे गांधी मायदेशी पोचल्यानंतर. थिऑसॉफिकल सोसायटी 1875 ची, न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली. तिचं ब्लाव्हाट्स्की लॉज, म्हणजे तिची एक शाखा, लंडनमध्ये 1887 पासून चालू होतं. त्यामुळे 1888 ते 1891 या काळातली घटना सांगताना कुणी युनियनचं नाव घेतलं, तर तिथे चूक आहे असं बिनदिक्कत समजावं.

थिऑसॉफीची ओळख झाली ती गीतेच्या निमित्ताने. आत्मकथेत गांधी सांगतात की इंग्लंडमधलं दुसरं वर्ष संपत आलं असताना दोन थिऑसॉफिस्ट भाऊ भेटले. ते एडविन अर्नॉल्ड यांचा गीतेचा इंग्रजी अनुवाद वाचत होते आणि मूळ संस्कृत वाचायला गांधींची सोबत त्यांना हवी होती. गांधींनी तर गीता संस्कृतातही वाचलेली नव्हती आणि गुजरातीतही. त्याची त्यांना लाज वाटली, पण ते वाचायला बसले. दुसऱ्या अध्यायातल्या ‘ध्यायतो विषयान्पुंसः’ या श्लोकांनी मनात घर केलं ते तिथूनच. (हे भाऊ म्हणजे बर्ट्रम आणि आर्चिबाल्ड कीटली, असं अभ्यासक मानतात. तसं असेल तर ते भाऊ नव्हेत, काका-पुतणे.) याच दोघांनी त्यांना ब्लाव्हाट्स्की लॉजमध्ये नेलं आणि सोसायटीच्या एक संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की व अॅनी बेझंट यांची भेट घालून दिली. बेझंटबाई 1889 मध्येच सोसायटीत आल्या होत्या. ब्लाव्हाट्स्की यांचं ‘की टू थिऑसॉफी’ वाचल्यावर गांधींना हिंदू धर्मावरची पुस्तकं वाचावीशी वाटू लागली. हिंदू धर्म म्हणजे नुसत्या खुळचट समजुती, हा मिशनऱ्यांनी रुजवलेला ग्रहही गेला.

सभासद व्हायला मात्र त्यांनी नकार दिला. स्वतःच्याच धर्माचं ज्ञान तोकडं असताना कुठल्याही पंथात शिरायचं नाही, हे कारण त्यांनी दिलं. तरीही लॉजच्या नोंदीत मार्च 1891 मध्ये त्यांचं नाव सहयोगी म्हणून आढळतं. यावरून ‘गांधी थिऑसॉफिस्ट होते’ असं ठोकून देण्यात अर्थ नाही. सहयोगी म्हणजे पूर्ण सभासद नव्हे.

मग युनियन यात शिरते कुठून? वाट अॅना किंग्जफर्ड या बाईंच्या नावातून जाते. त्यांनी पॅरिसला वैद्यकीची पदवी घेतली होती आणि त्या कट्टर शाकाहारी होत्या. त्यांचं ‘द परफेक्ट वे इन डाएट’ हे पुस्तक गांधींनी लंडनमध्ये वाचलं. ते आहारावरचं. याच बाईंनी मेटलंड यांच्यासोबत 1882 मध्ये लिहिलेलं ‘द परफेक्ट वे’ हे पुस्तक ख्रिस्ती धर्माच्या गूढार्थावरचं. नावं इतकी सारखी की पहिलं वाचल्याची नोंद दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते आणि गांधी लंडनपासूनच युनियनच्या विचारांचे होते असा निष्कर्ष निघतो. बाईंचं निधन फेब्रुवारी 1888 मध्येच झालं होतं, त्यामुळे भेटीचाही प्रश्न येत नाही.

त्यातून या बाई 1883 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या लंडन लॉजच्या अध्यक्षा होत्या. लॉजमधल्या सिनेट या थिऑसॉफिस्टच्या गटाला तिबेटातल्या महात्म्यांची, म्हणजे गूढ गुरूंची, शिकवण प्रमाण वाटे, तर किंग्जफर्ड यांना पाश्चात्त्य गूढविद्या आणि ख्रिस्ती परंपरा हवी होती. पटेना, तेव्हा 1884 मध्ये त्यांनी हर्मेटिक सोसायटी वेगळी मांडली. मेटलंड यांची युनियन हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. पुनर्जन्म आणि कर्म दोन्हीकडे मान्य, म्हणून वरवर पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. युनियनचा सारा भर बायबलचा अर्थ लावण्यावर होता: त्यातल्या कथा इतिहास म्हणून वाचायच्या नाहीत, आत्म्याच्या प्रवासाची रूपकं म्हणून वाचायच्या. आणखी एक खड्डा म्हणजे बेझंटबाईंचं 1901 चं ‘एसोटेरिक ख्रिश्चॅनिटी’. नाव तसं असलं तरी ते थिऑसॉफीचं पुस्तक आहे, त्याचा युनियनशी संबंध नाही.

गांधींचा मेटलंड यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला तो दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर, इंग्लंडमधल्या एका ख्रिस्ती स्नेह्यामार्फत. दक्षिण आफ्रिकेतली प्रॉटेस्टंट मंडळी त्यांना ख्रिस्ती करून घ्यायला टपलेली होती, प्रार्थनासभांना नेत होती, पुस्तकं देत होती. अशा वेळी रूढ ख्रिस्ती समजुतीच नाकारणारं ‘द परफेक्ट वे’ हाती पडणं म्हणजे आयता वकील मिळण्यासारखं होतं. हे पुस्तक हिंदू धर्माला दुजोरा देतं असं वाटल्याचं आत्मकथेतच आहे. नोव्हेंबर 1894 मध्ये ‘नाताळ मर्क्युरी’ या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्राखाली त्यांनी स्वतःला एसोटेरिक ख्रिश्चन युनियन आणि लंडन व्हेजिटेरियन सोसायटी या दोन्हींचा एजंट म्हणवलं आहे. किंग्जफर्ड-मेटलंड यांची पुस्तकं छापील किमतीत विकण्याची जाहिरातही ते देत होते. ज्या संस्थेने त्यांच्या हाती गीता दिली तिचे ते सभासद झाले नाहीत, आणि आज फारसं कुणाला नावही आठवत नाही त्या युनियनचे एजंट म्हणून त्यांनी वर्तमानपत्रात सही केली.