गिटार, अकूस्टिक : घरच्या कार्यशाळेतील बांधणी

पोलादी तारांची पोकळ गिटार एका खोलीत, मुख्यतः हातहत्यारांनी बांधण्याची कला. नेहमीच्या लाइट संचातील (0.012 ते 0.053 इंच) सहा तारा स्वरात लावल्या, की त्यांची एकत्रित ओढ 70 किलोंच्या पुढे जाते. ही ओढ घोडीतून ज्या फळीवर येते ती तबली जेमतेम पावणेतीन मिमी. जाडीची असते. फळी जाड ठेवली तर गिटार टिकेल, पण बोलणार नाही. फार पातळ केली तर सुरेख बोलेल आणि काही वर्षांत घोडीपुढे खचेल. बांधणीतले बहुतेक निर्णय या ओढाताणीतूनच होतात. तबली, घोडी, पडदे, खुंट्या हे शब्द आपल्याकडच्या सतार-तंबोऱ्याच्या कारागिरीतले. गिटारलाही ते चपखल बसतात, म्हणून येथे तेच वापरले आहेत.

आवाज तबलीतून येतो हे स्पेनमधील आल्मेरियाचे कारागीर आंतोनियो दे तोरेस (1817–92) यांनी 1862 मध्ये दाखवून दिले. त्यांनी एका गिटारची पाठ व कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि तबली मात्र उत्तम लाकडाची लावली. पोलादी तारांच्या गिटारची आजची रचना प्रामुख्याने जर्मनीतून 1833 मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या सी. एफ. मार्टिन यांच्या घराण्याकडून आली. तबलीखालच्या आधारपट्ट्यांची फुलीची मांडणी त्यांच्या गिटारांत 1840 च्या दशकात दिसू लागली. धडाबाहेर चौदा पडदे असलेला ‘ओएम’ आकार 1929 चा. पहिल्या गिटारसाठी तो सोयीचा आहे, कारण डौलदार असूनही तो ‘ड्रेडनॉट’ या मोठ्या धडाच्या गिटारइतका खोल नसतो. पुढील मापे त्याचीच आहेत : धडाची लांबी 492 मिमी., खालची रुंदी 381, शेपटाकडची खोली 105, तारेची बोलती लांबी, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून (नट) घोडीपर्यंतची, 645.

तबलीसाठी स्प्रूस किंवा सीडर घेतात. लाकूड त्रिज्येच्या दिशेने चिरलेले हवे, म्हणजे टोकाकडून पाहिले असता वर्तुळांच्या रेघा उभ्या दिसतात. एकाच फळीचे दोन काप वहीची पाने उघडावीत तसे शेजारी ठेवून मध्ये जोडतात. सांधा उजेडासमोर धरल्यावर किरणही दिसता कामा नये. दाबाने बंद होणारी फट पुढे कोरड्या हवेत हमखास उघडते. पाठ व कडांसाठी शिसव उत्तम. ब्राझीलच्या शिसवीची आवक आटल्यावर 1969 च्या सुमारास मार्टिनने भारतीय शिसव स्वीकारली आणि आज जगभर तीच वापरात आहे. जुन्या फर्निचरमधली शिसव चांगली मुरलेली असते, पण चिरण्याआधी खिळे शोधावेत. ही जात जानेवारी 2017 पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे; तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. शिसवीचा भुसा अनेकांना बाधतो, तेव्हा मास्क हवाच.

महाराष्ट्रात बांधणाऱ्याचा खरा शत्रू दमट हवा. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता 85 टक्क्यांवर जाते, विदर्भात उन्हाळ्यात ती अनेकदा 25 च्या खाली उतरते. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगते-आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. 85 टक्क्यांत स्थिरावलेली 381 मिमी. रुंद तबली 40 टक्क्यांत आली, की सुमारे 6 मिमी. आकसू पाहते. खाली आडव्या चिकटवलेल्या पट्ट्या मात्र तिला आकसू देत नाहीत, मग ती फाटते. म्हणून तबली व पाठीला पट्ट्या चिकटवण्याचे काम 40 ते 45 टक्के आर्द्रतेतच करावे. लहान खोलीत डिह्युमिडिफायर चालवता येतो. तो नसल्यास बंद कपाटात 40 वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा आणि हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवूनही भागते. फळीचे वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज नोंदवावे. ते दोन-तीन दिवस बदलले नाही की फळी तयार झाली. चूक व्हायचीच असेल तर कोरडेपणाकडे व्हावी : कोरड्यात बांधलेली गिटार पावसाळ्यात फुगून तारा उंचावते, पण ती पूर्ववत होते, फाटलेली तबली होत नाही.

जोडलेली तबली रंध्याने आधी साडेतीन मिमी. पर्यंत आणतात, ध्वनिछिद्राभोवतीची नक्षी बसवतात आणि मग सुमारे 100 मिमी. व्यासाचे छिद्र कापतात. त्यानंतरची जाडी मापापेक्षा लवचीकतेवर ठरवावी. फळी आडवी वाकवून पाहिली असता हाताला अजून हट्टी वाटली तर आणखी छिलावी. ताठ स्प्रूस 2.6 मिमी. ला थांबते, मऊ फळी 3 ला ठेवावी लागते. कुणाच्या तरी यशस्वी गिटारचे माप डोळे झाकून उचलणे ही नवख्यांची नेहमीची चूक, कारण दोन फळ्यांची ताकद सारखी नसते.

आधारपट्ट्याही स्प्रूसच्याच, पण करवतीने न कापता पटाशीने फाडून काढलेल्या, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. फुलीच्या पट्ट्या 8 मिमी. रुंद व 16 मिमी. उंच असतात आणि छिद्राच्या कडेपासून साधारण 25 मिमी. खाली अर्ध्या-अर्ध्या खाचेत एकमेकींत बसतात. वरून उघडी राहणारी खाच सरसात भिजवलेल्या सुती पट्टीने झाकावी. येथे सांधा सैल राहिला तर तबली नेमकी घोडीपाशी बसते. पट्ट्यांच्या तळाला सुमारे साडेसात मीटर त्रिज्येचा हलका बाक देतात. तो तबलीत उतरतो आणि आकसण्याला थोडी जागा देतो. दाब देण्यासाठी महागड्या क्लॅम्पची गरज नाही : फळीच्या वर दोन फुटांवर दुसरी फळी पक्की करून मध्ये वाकवलेल्या बांबूच्या कांब्या अडकवल्या, की दोन्हीकडे सारखा दाब बसतो. सरस सुकल्यावर पट्ट्यांची टोके उतरती करतात. मधूनमधून तबली टिचकीने वाजवून पाहावी. ठकठक जाऊन लांबणारा नाद आला की पटाशी खाली ठेवावी.

कडांच्या पट्ट्या 2 मिमी. जाडीच्या. त्या ओल्या करून सुमारे 150° से. तापलेल्या लोखंडी नळीवर कंबरेपासून वाकवायच्या. जोर लावायचा नाही. लाकूड हाताखाली अचानक सैल पडते, तोच क्षण. पट्ट्या तडकतात त्या घाईने, नाहीतर जाडी कुठे कमी कुठे जास्त राहिल्याने. वाकलेल्या कडा रात्रभर साच्यात आवळून ठेवतात. आतल्या काठाला बारीक खाचांची पट्टी लावताना कपडे वाळत घालण्याचे चिमटे रबरबँड गुंडाळून पुरेसे होतात. शिसवीला सरस लावण्याआधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावा, कारण तिच्या तेलामुळे सांधे सुटतात.

मान महोगनीची, आत पोलादी सळई, डोके 14 अंश मागे. घरच्या कामात बोल्टने आवळलेला सांधा घ्यावा, कारण मानेचा कोन चुकला तर तो पुन्हा खोलता येतो. पडदे बसवल्यावर त्यांवर ठेवलेली सरळ पट्टी 9 मिमी. उंच घोडीच्या माथ्याला जेमतेम घासून गेली पाहिजे.

पडद्यांची जागा काढायला उरलेल्या लांबीला दर वेळी 17.817 ने भागतात. 645 मिमी. ला पहिला पडदा 36.2 वर, बारावा 322.5 वर येतो. दर वेळी मागच्या खाचेपासून मोजल्यास चूक साचत जाते, म्हणून सर्व अंतरे नटपासून आखावीत. पडदा दाबताना तार ताणून स्वर चढतो, त्यामुळे सॅडल ही हाडाची पट्टी तिरकी बसते : पातळ तारेला सुमारे 647, जाड तारेला 650 मिमी. या पट्टीचा माथा निमुळता घासावा. तो सपाट राहिला तर तार त्यावर घासत झणझणते. तंबोऱ्यात जी जवारी मुद्दाम काढतात, तीच येथे दोष ठरते.

पॉलिशला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवतात. दमट दिवशी ती पांढुरकी पडते. घोडीखालची जागा मात्र कोरी हवी, कारण लाखेवर चिकटवलेली घोडी तारांच्या ओढीने उखडते. साधा पांढरा सुतारी गोंदही येथे नको : उन्हात तापलेल्या गाडीत तो मऊ पडून सरकतो. गरम सरस ताठ राहतो. तो 60° च्या आसपास वापरावा, फार तापवला तर त्याची ताकद जाते.

बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची 2.4 व पातळ तारेची 1.8 मिमी. ठेवावी. तारा चढवल्यावर घोडीमागे तबली किंचित फुगते, तारा वर येतात. म्हणून सॅडल आठवडाभर उंचच ठेवून, तबली स्थिरावल्यावर अखेरच्या मापाला घासतात.