चिपशी बोलायचं कसं?

यूएसबीचं वाय-फाय अ‍ॅडॉप्टर लॅपटॉपला जोडलं की ते आपली ओळख दोन क्रमांकांनी सांगतं. एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, ही जोडी आपल्या ड्रायव्हरांच्या, म्हणजे उपकरणांशी बोलणाऱ्या प्रोग्रामांच्या, यादीत शोधतो. सापडली नाही, तर अ‍ॅडॉप्टर दिसतं, पण मुकंच राहतं.

खोक्यावरच्या नावाला इथे काही किंमत नाही. टीपी-लिंकच्या 'टीएल-डब्ल्यूएन७२२एन'च्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीत रिअलटेकची आली. नाव तेच, ड्रायव्हर सर्वस्वी वेगळा. म्हणूनच मदत करणारे जाणते स्वयंसेवक आधी 'एलएसयूएसबी' ही जोडलेल्या यूएसबी वस्तूंचे क्रमांक दाखवणारी आज्ञा चालवून तिचं उत्तर पाठवायला सांगतात. कधी कधी चिप ओळखीची निघते, फक्त तो क्रमांक यादीत नसतो. मग एका ओळीची भर पुरते.

क्रमांकावरून चिप कोणती ते कळतं. तिच्याशी बोलायचं कसं, हे कंपनीने सांगितलंच नाही तर? २००५ मध्ये स्टेफान मार्शेसां यांनी सुरू केलेल्या 'नूव्हो' या लिनक्ससाठीच्या खुल्या ड्रायव्हरच्या प्रकल्पापुढे हाच प्रश्न होता. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांची आतली माहिती खुली नव्हती. मग कंपनीचाच ड्रायव्हर कार्डाला काय सांगतो, ते ऐकायचं ठरलं. 'रेनूव्हो' नावाचा छोटा प्रोग्राम त्या ड्रायव्हरकडून साधी चित्रं काढून घेई आणि कार्डाकडे गेलेल्या आज्ञा टिपून ठेवी. चित्रात एखादीच गोष्ट बदलायची, पुन्हा टिपायचं, फरक कुठे पडला ते पाहायचं. अनोळखी लिपीतले दोन शिलालेख शेजारी ठेवून अक्षरं लावावीत, तसं.

पण कार्डांचे प्रकार कितीतरी, आणि मूठभर प्रोग्रामरांकडे ते सगळे कुठून असणार? ज्यांच्याकडे होते त्या साध्या वापरकर्त्यांनी आपापल्या यंत्रावर रेनूव्हो चालवून नोंदी पाठवल्या. त्यासाठी ड्रायव्हर लिहिता येण्याची गरज नव्हती, कार्ड हाताशी असणं पुरे होतं. मला या सगळ्या खटाटोपात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. २०१० मध्ये नूव्हो कर्नल २.६.३३ मध्ये दाखल झाला.

ऐकून सगळंच मिळत नाही. २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डं कंपनीची डिजिटल सही असलेलंच फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, स्वीकारू लागली. सही करायची गुप्त किल्ली कंपनीकडे, त्यामुळे कितीही ऐकलं तरी तिची नक्कल अशक्य. कार्डाचा वेग वाढवण्याचं काम त्या फर्मवेअरच्या हाती गेलं आणि नूव्होवर ही कार्डं चालू होतानाच्या मंद गतीतच अडकली. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून कार्डातच एक वेगळा नियंत्रक प्रोसेसर आला. त्याचं सहीचं फर्मवेअर कंपनीने वापरायला दिलं, आणि जानेवारी २०२४ च्या कर्नल ६.७ पासून नूव्हो त्याच्यामार्फत वेग वाढवू शकतो. मधल्या ९०० आणि १० या मालिकांच्या कार्डांत मात्र तो प्रोसेसरच नाही. कार्डं धडधाकट आहेत, त्यांची भाषाही बरीचशी उलगडलेली आहे, अडलंय ते फक्त सहीपाशी.